अकरा मात्रांचा पंचनामा

वडिलांच्या लिहिण्याच्या मेजाचा डावीकडचा खण उघडला, म्हणजे दोन बोरू, लाखेची अर्धी कांडी आणि ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ अशी उलटी अक्षरे असलेला एक झिजका शिक्का यांच्या सोबतीने साठ मिनिटांची एक कॅसेट अजूनही निमूट पडलेली दिसते. ज्या घरात पहाटेचा भैरव आणि संध्याकाळची खंजिरी यांखेरीज तिसऱ्या नादाची फारशी वहिवाट नव्हती, त्या घरात अमेरिकेतल्या एका रॉक बँडच्या गिटारवादनाला कायमचा मुक्काम कसा मिळाला, याचे आमच्या मुलांना नवल वाटते. आणि कॅसेटच्या कागदी पट्टीवर निळ्या शाईने, मोडीचा सराव असलेल्या हाताच्या वळणात, त्यांच्या आजोबांनी जे तीन शब्द लिहून ठेवले आहेत, त्यांचा अर्थ तर त्यांना मुळीच लागत नाही. तो मलाही पुरता लागला तो वडील गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

वडील यवतमाळच्या जिल्हा कचेरीत नकलनवीस होते. खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, फेरफाराचे उतारे, दिवाणी दाव्यांचे हुकूमनामे असे हरतऱ्हेचे कागद आयुष्यभर अक्षर न् अक्षर उतरून काढल्यामुळे कागदांच्या स्वभावाविषयी त्यांची काही पक्की मते बनली होती. ते म्हणत, कागदाच्या जाती दोनच. एक कागद बैठकीवर बसून, वकिलाचा सल्ला घेऊन, कच्चे खर्डे फाडून फाडून निवांतपणे पक्का होतो. त्यात चूक नसते आणि बहुधा माणूसही नसतो. दुसरा कागद बांधावर, विहिरीच्या काठाशी, जळालेल्या गंजीशेजारी उभ्याउभ्या लिहिला जातो; त्याची भाषा वेडीवाकडी असते, वाक्य मध्येच मोडते, परंतु त्या वेळी उजेड किती होता, वारा कोणत्या अंगाचा होता आणि समक्ष कोण कोण हजर होते, हे सारे त्यात उतरते आणि अखेरीस पंचांच्या सह्या नि अंगठे असतात. ‘‘खरेदीखताला अक्कल असते, पंचनाम्याला वास असतो,’’ हे त्यांचे आवडते वाक्य. स्टुडिओत घडवलेली ध्वनिमुद्रिका आणि श्रोत्यांसमोर वाजत असता टिपलेली ध्वनिमुद्रिका यांतला भेद पुढे मी अनेक जाणत्यांकडून समजावून घेतला. पण इतक्या थोड्या शब्दांत तो कोणालाच सांगता आला नाही.

ही गोष्ट १९८३-८४ च्या सुमाराची. कापसाच्या हंगामात जिनांतून उडणारा तंतू गावातल्या प्रत्येकाच्या केसांवर येऊन बसे, आणि मूर्तिजापूरपर्यंतचा ११३ किलोमीटरचा मार्ग शकुंतला ही अरुंद मापाची आगगाडी अशा सावकाशीने कापी, की उतारूंच्या ओळखी होऊन त्यांचे सोयरिकीत रूपांतर होण्यास पुरेसा अवकाश मिळावा. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन त्या गाडीला १९९४ पर्यंत ओढीत होते. मूर्तिजापूर हे वसंतराव देशपांड्यांचे जन्मगाव. त्यामुळे ‘आपल्या गाडीच्या टोकाला वसंतराव जन्मले’ असा एक जिल्ह्याबाहेरचा अभिमान वडील बाळगून होते. वसंतरावांच्या मैफली त्यांनी नागपुरास ऐकल्या होत्या. तान सुटली की हा माणूस आता समेवर परततो की नाही या धास्तीने पोटात खड्डा पडतो, आणि तो परतला की कोंडलेला श्वास एकदम सुटून साऱ्या मंडपाचे मिळून एकच ‘वाः’ होते. त्या धास्तीसाठी मैफलीला जायचे, एरवी घरी बसून तबकडी लावणे काय वाईट, असे ते म्हणत.

गिटारीविषयी मात्र त्यांचे मत अनुकूल नव्हते. दुर्गोत्सवात चौकाचौकांतल्या मंडपांपुढे जे ऑर्केस्ट्रा येत, त्यांत ती झगमगीत रंगाची दिसे, आणि रेडिओवर व्हॅन शिपले यांच्या हातून ती सिनेमाची गाणी शब्दांवाचून म्हणे. ‘‘हे नकलनवीस वाद्य आहे,’’ असा वडिलांचा निकाल होता; आणि ते स्वतः त्याच पेशाचे असल्यामुळे त्या उद्गारात तुच्छता किती आणि आपुलकी किती, हे ठरवणे कठीण जाई.

मुंबईस नोकरीला लागलेला माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सारे दादा म्हणत असू, एका दिवाळीला ही कॅसेट घेऊन आला. धोबीतलावच्या ज्या रंगभवनात १९७८ पासून जॅझ यात्रा भरू लागली होती, तेथे उघड्या आकाशाखाली बसून त्याने असल्या वाद्यांचा नाद प्रत्यक्ष अंगावर घेतला होता, आणि दीक्षा घेतलेल्या माणसाप्रमाणे आम्हाला ती देण्याची त्याला घाई झाली होती. कॅसेट कोणाच्या तरी तबकडीवरून उतरवलेल्या कॅसेटवरून उतरवलेली, म्हणजे नकलेची नक्कल होती, आणि तिला वेष्टन नव्हते. ऑलमन ब्रदर्स बँडने न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’ या नाट्यगृहात १९७१ च्या मार्च महिन्याच्या १२ आणि १३ तारखांना जे वादन केले, त्याचे ते ध्वनिमुद्रण. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोन गिटारवादक. ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग ऑर्गनवर आणि गायनाला. बेरी ओकली खर्जाच्या गिटारीवर. आणि एकाच छातीचे दोन ठोके असावेत तसे एकमेकांना धरून वाजवणारे दोन ड्रमवादक.

दारव्हा रस्त्यालगतच्या एका मित्राच्या माडीवर आम्ही पाच जण ती ऐकत असू. टेपरेकॉर्डरला कर्णा एकच, त्यामुळे दोन्ही गिटारी एकाच तोंडाने बोलत, आणि कोणता स्वर कोणाचा हा आमच्यातला दावा तारखांवर तारखा पडत वर्षभर चालला. ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही बेट्सची तेरा मिनिटांची रचना. तीत शब्द नाहीत, आणि तिचे नाव त्याने जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका शिळेवरून उचलले. आरंभी दोन्ही गिटारी जोडीने चालणाऱ्या बैलांसारखी एकच धून एका स्वरांतराने वर-खाली धरून वाजवतात. मग बेट्स एकटा निघतो, मध्ये ऑर्गनची पाळी येते आणि शेवटी ड्वेन येतो. हे सारे आज ठाऊक आहे. तेव्हा कान हाच पुरावा होता. आमच्यातला एक जण, जो पुढे उत्तम कास्तकार झाला, डोळे मिटून ऐकता ऐकता म्हणाला, ‘‘अरे, पहिला सांगून राह्यला, अन् दुसरा भांडून राह्यला.’’ या दोन वादकांविषयी पुढे मी बरेच वाचले, पण या वाक्याची दुरुस्ती करावी असे त्यात काही सापडले नाही.

आमची दाद सर्वस्वी शुद्ध होती असे मात्र नाही. ‘स्टॉर्मी मंडे’ या संथ गाण्यात एक जागा अशी होती, की तेथे ड्वेनचा स्वर किंचित ढळे, गदगदल्यासारखा खाली जाई आणि पुन्हा सावरे. त्या जागी आम्ही पाचही जण न चुकता मान हलवून ‘क्या बात है’ म्हणत असू. पुढे निर्दोष प्रत ऐकण्याचा योग आला तेव्हा तो स्वर सरळ, निश्चल निघाला. ढळली होती ती आमची फीत, जी त्या ठिकाणी ताणली गेली होती. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी जो कार्यक्रम झाला, त्यात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवून घेताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि जुळवणीच एवढी आवडली तर वादन याहून अधिक आवडेल अशी आशा रविशंकरांनी हसत व्यक्त केली. ही गोष्ट आपल्याकडे परक्यांच्या अनाडीपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र त्या श्रोत्यांत आम्ही पाच जण बसलेले दिसतो. दादेचा पत्ता चुकला होता, पण ती पाठवणाऱ्याच्या मनात खोट नव्हती.

वडिलांनी ही कॅसेट प्रथम लक्ष देऊन ऐकली ती एका रविवारी दुपारी, सुपारी कातरत असताना. ‘व्हिपिंग पोस्ट’ची सुरुवात होती. वादन सुरू होण्यापूर्वी श्रोत्यांतून कोणी तरी त्या गाण्याचे नाव मोठ्याने पुकारतो, तू बरोबर ओळखलेस असे ड्वेन त्याला सांगतो, आणि मग ओकलीची खर्जाची गिटार एकटीच चालू लागते. वडिलांचा अडकित्ता थांबला. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. ‘‘पुन्हा लाव,’’ ते म्हणाले. फीत मी मागे घेतली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर एखाद्या जुन्या दस्तऐवजातली बुजलेली रक्कम वाचता यावी तशा समाधानाने ते उद्गारले, ‘‘अकरा आहेत रे. तीन, तीन, तीन अन् दोन. आपल्या रुद्र तालाच्या मात्रा.’’ गाणे सुरू झाल्यावर सहाचा चालता ठेका येतो हेही त्यांनीच मला दाखवले. ज्या ग्रेग ऑलमनने हे गाणे रचले, त्याला स्वतःला त्याची सुरुवात अकरात आहे याचा पत्ता नव्हता. तीनाचे तीन गट आणि पुढच्या आवर्तनावर उडी घेण्यासाठी दोन, एवढेच त्याच्या मनात होते, असे त्याने पुढे सांगितले आहे. अमेरिकेतला एक तरुण आणि यवतमाळचा एक नकलनवीस यांनी, एकमेकांना न विचारता, तीच मोजणी केली होती.

मग वडिलांनी विचारले, ‘‘तो मधे ओरडला तो कोण?’’

‘‘कोणी तरी श्रोता होता, बाबा. गाणं ओळखलं त्यानं.’’

‘‘मग त्याची जबानी यांनी राहू दिली म्हणायची. मी हिला नक्कल समजत होतो. हा पंचनामा आहे.’’

त्या दिवसापासून गिटारीवरचा त्यांचा निकाल रद्द झाला. वडिलांच्या कानाला हे वादन परके का वाटले नसावे, याचा उलगडा मला पुढे झाला. मेलोडीखालचे स्वरमेळ क्षणाक्षणाला बदलत न ठेवता एकाच स्वरसप्तकावर ठाण मांडून विस्तार करीत राहायचे, ही रीत ड्वेनने माइल्स डेव्हिसची १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून आत्मसात केली होती. त्या ध्वनिमुद्रिकेत जो जॉन कोल्ट्रेन सॅक्सोफोन वाजवतो, त्याची रविशंकरांवर एवढी भक्ती होती की १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले.

दुसरा उलगडा कापसाचा आहे. ड्वेन अनामिकेवर औषधाची रिकामी काचेची बाटली चढवून ती तारांवरून सरकवी. त्यामुळे पडद्यापडद्यांच्या मधल्या अंधाऱ्या जागाही बोलू लागत, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून जी मींड काढली होती, तिच्या भावकीतला स्वर ऐकू येई. या रीतीचा एक जुना दाखला डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने नोंदवून ठेवला आहे: १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर स्टेशनात रात्री गाडीची वाट पाहत असता, फाटक्या कपड्यांतला एक कृष्णवर्णीय गिटारीच्या तारांवर चाकू दाबून असा स्वर काढीत बसलेला त्याने ऐकला. तो मुलूख कापसाचा. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे त्या दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. आमच्याकडची काळी जमीन पऱ्हाटीखाली गेली, जिने आली, आणि पुढे शकुंतलाही आली ती उतारूंसाठी नव्हे, गाठींसाठी. या ध्वनिमुद्रिकेचे पहिलेच गाणे ‘स्टेट्सबरो ब्लूज’ हे जॉर्जियातल्या ब्लाइंड विली मक्टेलचे १९२८ चे. एका लहानशा गावाचे नाव घेऊन उभे असलेले. यवतमाळच्या माडीवर ते ऐकताना आम्हाला यातले काहीही ठाऊक नव्हते, तरी लांबणाऱ्या गाडीची वाट पाहणे हा अनुभव आम्हाला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

विजेच्या गिटारीचा मोठा नाद जागेशी बांधलेला असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तार छेडल्यावर तिचा स्वर विझत जावा हा निसर्गनियम. पण कर्ण्यातून निघालेला तोच स्वर पुरेशा बळाने हवेतून परत येऊन तारेला हलवू लागला, म्हणजे तार स्वतःच्याच प्रतिध्वनीवर जगू लागते, आणि वादक कर्ण्यापासून किती हात दूर आहे, कोणत्या कोनात उभा आहे, यांवर त्या स्वराचे आयुष्य ठरते. हे सारे ज्या रात्रीचे त्या रात्रीचे. म्हणून रसिक एकाच गाण्याच्या पाच रात्रींच्या पाच प्रती बाळगतो, आणि त्या सर्व त्याला निराळ्या वाटतात.

पंचनाम्यातही खाडाखोड होतेच. ‘स्टॉर्मी मंडे’तला माउथ ऑर्गनचा एक तुकडा मूळ तबकडीतून गाळलेला होता, तो १९९२ च्या आवृत्तीत पुन्हा दाखल झाला. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’विषयी तर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो की तीतला बराचसा भाग मागाहून स्टुडिओत पुन्हा वाजवला गेला, आणि बँडमधले लोक ते नाकारतात, हा दावा अद्याप निकाली निघालेला नाही. याउलट, द हू या बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्सच्या विद्यापीठात केलेले वादन जेव्हा तबकडीवर आले, तेव्हा तिच्या मधल्या चकतीवरच लिहिले होते की आतील खरखर ठीक आहे, ती दुरुस्त करू नये. दस्तऐवजाच्या तळाशी कोठे किती शब्द खोडले हे नमूद करून खाली सही घेण्याची जी जुनी रीत आहे, तिचे हे सख्खे भावंड. वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘‘त्यांच्याकडेही कोणी जुना कारकून होता काय?’’

आणि मग नकलनवीसांचे काय? १९८४ साली, म्हणजे आम्ही माडीवर बसत होतो त्याच काळात, ग्रेटफुल डेड या बँडने आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्या रसिकांसाठी निराळी जागाच राखून दिली. लेड झेपलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ मध्ये मुंबईतल्या वादकांना घेऊन जी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, ती चाळीसहून अधिक वर्षे चोरून काढलेल्या प्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिली, आणि २०१५ मध्ये अधिकृत दप्तरात आली. तोपर्यंत ती जिवंत राहिली ती हौशी लोकांनी काढलेल्या या नकलांमुळे. जागा तर त्याहून अल्पायुषी. फिलमोर ईस्टचे दार २७ जून १९७१ रोजी कायमचे बंद झाले. आमची ध्वनिमुद्रिका बाजारात आली ती त्यानंतरच्या महिन्यात. २९ ऑक्टोबरला मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला, वय २४. वर्षभराने ओकलीही तसाच आणि त्याच वयात गेला, आणि ज्या दफनभूमीतून बेट्सने एलिझाबेथ रीडचे नाव उचलले होते, तेथेच ते दोघे आता आहेत. आमच्या दादाचे रंगभवनही पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमाखाली गप्प झाले. घटनास्थळ उरले नाही की पंचनाम्याची किंमत वाढते.

आता त्या शेऱ्याकडे येतो. ‘व्हिपिंग पोस्ट’ मूळची तेवीस मिनिटांची. आमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिच्यासाठी उरलेली जागा साडेअकरा मिनिटांची. गिटार एका उंच स्वरावर चढते, आता खाली कशी येणार म्हणून श्वास रोखावा, आणि खट्ट असा आवाज होऊन फीत संपे. त्या रविवारी तसेच झाले. ‘‘मग पुढे?’’ वडील म्हणाले. पुढे काही नाही, जागा संपली, असे मी सांगितल्यावर त्यांनी कॅसेट हातात घेतली, टोपण काढले आणि पट्टीवर लिहिले: ‘अपूर्ण. पुढे चालू.’ अपूर्ण नकलेवर शिक्का मारायचा नसतो, शेरा मारायचा असतो, हे त्यांनी मला शांतपणे समजावले. उरलेला भाग ऐकायचा असे त्यांनी पुढे कितीदा तरी म्हटले. पण ती पूर्ण ध्वनिमुद्रिका माझ्या हाती आली तेव्हा ते नव्हते.

ती ज्या रात्री आली, त्या रात्री मी मेजाचा खण उघडून शिक्का आणि शाईची गादी काढून ठेवली होती. उरलेली मिनिटे ऐकली. त्यांत एके ठिकाणी ठेका जवळजवळ विरघळून जातो, सारेजण अंधारात चाचपडावे तसे एकमेकांची चाहूल घेत राहतात, आणि वडिलांना प्रिय असलेली ती धास्ती पोटात उभी राहते. मग सारे परततात, ग्रेगची अखेरची आर्त हाक येते, टाळ्या होतात, आणि शिक्क्याकडे मी हात नेणार तोच टाळ्यांच्या मागून पुन्हा ढोलाचा घुमारा आणि गिटारीची एक निराळी धून सुरू होते. वाद्ये थांबलेलीच नसतात. आवाज मात्र हळूहळू मावळत जातो, कारण तबकडीची जागा संपलेली असते. त्या रात्री ते पुढे जे वाजवत गेले ते तेहतीस मिनिटांचे ‘माउंटन जॅम’. ते १९७२ च्या फेब्रुवारीत, ड्वेनच्या पश्चात, दुसऱ्या एका ध्वनिमुद्रिकेत आले, आणि तेथेही एका बाजूवर मावेना म्हणून दोन तुकडे करून दोन निराळ्या बाजूंवर विभागून ठेवावे लागले.

मी गादीचे झाकण लावले आणि शिक्का कोरडाच खणात परत ठेवला. वडिलांचा शेरा कायम आहे.